पायापाशीचं पाणी

चौक्याचा घाट चढता चढता गाडीच्या काट्यानं लाल रेघ गाठली आणि सम्यकनं गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागच्या सीटवरून त्याच्या बायकोनं, संध्यानं, विचारलं, "परत?" तो म्हणाला, "परत." नवराबायकोचं एखाद्या विषयावर भांडून भांडून झालं की पुढं एवढंच बोलणं उरतं.

पुढच्या सीटवर बसलेल्या सम्यकच्या आईचं, केसरबाईंचं, मात्र गाडीकडे लक्ष नव्हतं. त्या आपल्या पायांकडे बघत होत्या. चपला ओल्या झाल्या होत्या आणि साडीचा काठ पावलांना चिकटला होता. एरवी गडद साडी असायची, काही दिसायचं नाही. आजची साडी पांढरी होती आणि काठावर हातभर पिवळा डाग पडला होता. त्यांनी गुपचूप पाय सीटखाली ओढून घेतले.

हे काय होतं ते आपणच सांगून टाकलेलं बरं, कारण केसरबाई जीव गेला तरी कुणाला सांगणार नव्हत्या. थंडीच्या सुरुवातीला वैजापूरच्या एका लग्नाहून परत येताना त्यांना याच सीटवर डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा पाय ओले, साडी पोटऱ्यांपर्यंत ओली. खोकला आला की दोन थेंब जायचे, हे त्यांचं गेल्या काही वर्षांचं दुखणं होतंच. बायका असलं दुखणं पदराखाली घालूनच म्हाताऱ्या होतात. पण हे दोन थेंब नव्हते. घरी आल्यावर त्यांनी साडी न्हाणीतल्या खुंटीला टाकली आणि सकाळी बघतात तर काठाला मुंग्यांची रांग. वासही गोडसर येत होता.

केसरबाईंनी उभं आयुष्य सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आया म्हणून काढलेलं. किती लोकांच्या चादरी बदलल्या, किती भांडी ओतली, त्याला गणती नाही. ज्याच्या लघवीला मुंग्या, त्याला साखर, हे निदान डॉक्टरांचा रिपोर्ट यायच्या आधी आया लोक करत आणि ते बहुधा खरं निघे. केसरबाईंनी स्वतःचंही तसंच निदान करून टाकलं: साखर आली आणि ताबा गेला. इतरांना दरडावून तपासणीला पाठवणारी ही बाई स्वतः मात्र गेली नाही. एकदा कागदावर आलं की ते घरभर होतं, याची तिला पुरती कल्पना होती.

त्यानंतर गाडीत बसलं की दर वेळी तेच. घरी नाही, गाडीतच. गाडीत हादरे बसतात म्हणून होत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग गाडीत बसणंच बंद केलं. गुडघे दुखतात, मळमळतं, ऊन सोसत नाही, कारणांना काय तोटा.

पण या कारणांची किंमत भलतीच बसली. फर्दापूरला त्यांची थोरली बहीण आवडाबाई अंथरुणाला खिळली होती. निरोप आला, केसरला पाठवा. पुन्हा आला. सम्यक दर वेळी म्हणायचा, "चल, गाडी काढतो." केसरबाई दर वेळी गुडघ्यावर हात ठेवायच्या. एस.टी.ची पायरी तर खरंच चढवत नव्हती. आणि एके दिवशी पहाटे आवडाबाई गेल्याचाच फोन आला. ऐकून केसरबाई जागीच बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. नंतर आवडाबाईंच्या मुलीचा, गीताबाईचा, फोन आला. "मावशी, माय वाट बघून गेली," एवढंच बोलून तिनं ठेवला.

आज फर्दापूरला आवडाबाईंचं पुण्यानुमोदन होतं. भंतेजी येणार, वंदना होणार, पाहुणेरावळे जमणार. आजही केसरबाई दिसल्या नसत्या तर बहिणीच्या घराचं दार त्यांच्यासाठी कायमचं मिटलं असतं. म्हणून त्या बसल्या. सकाळपासून चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता, तरी पाय भिजलेच. न पिता एवढं येतं कुठून, हे त्यांना कळेना, आणि कळत नाही म्हणून जास्तच भीती वाटत होती.

सम्यकनं जवळच्या बाटल्यांमधलं पाणी ओतून, थांबत थांबत, फुलंब्रीच्या अलीकडचं एक गॅरेज गाठलं. पत्र्याचं शेड, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली फुटक्या बंपरांचा ढीग. मालक बद्रीनाथ नावाचा जाडजूड माणूस होता. त्यानं बॉनेट उघडलं, फडकं धरून झाकण फिरवलं आणि आत बघून म्हणाला, "ही काय भाजी टाकली का भाऊ?"

सम्यक ओशाळला. गाडीचं पाणी जातं हे महिनोन्‌महिने चाललं होतं. बाटली भरावी, चार दिवसांनी खाली. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा तर सकाळी पुठ्ठा कोरडा. एरवी कंपनीत जाता-येता तो गाडीत एकटाच असायचा, शेजारची सीट रिकामी. शहरातल्या एका मेकॅनिकनं झाकण बदललं, दुसऱ्यानं पाइप बदलले, तिसऱ्यानं सरळ हात जोडले. शेवटी वाळूजच्या कंपनीतला एक जुना ड्रायव्हर म्हणाला, रेडिएटरमध्ये हळद टाक, फुगून भोक बुजतं, ट्रकवाल्यांचा इलाज आहे. काल संध्याकाळी सम्यकनं स्वयंपाकघरातला हळदीचा अख्खा पुडा आणून ओतला होता. पाणी आमटीसारखं पिवळं झालं होतं आणि भोक होतं तिथंच होतं.

"भोक सापडल्याबगर हळद काय करील?" बद्रीनाथ म्हणाला. "आधी जातंय कुठं ते तर कळू द्या."

मग त्याची शोधाशोध सुरू झाली. पाइपांचे सांधे चाचपले, पंपाखाली बोट फिरवून बघितलं, रेडिएटरच्या जाळीवर बॅटरी मारली. गाडीखाली आडवा पडून वर बघितलं. सगळं कोरडं. मग त्यानं झाकणाच्या जागी हातपंप लावून आत हवा भरली आणि पंपाच्या काट्याकडे बघत उकिडवा बसला. काटा हळूहळू उतरायला लागला. त्यानं पुन्हा भरली. पुन्हा उतरला.

"जातंय तर खरं," तो म्हणाला. "पण भाईर थेंब नाय."

केसरबाई गाडीतच बसून होत्या. ऊन वर आलं होतं, पत्रा तापत होता. संध्या दोनदा म्हणाली, आई, सावलीत या, खुर्ची टाकलीय. त्यांनी मान हलवली. बद्रीनाथ म्हणाला, "आजी, आत भट्टी होईल, उतरा." त्या म्हणाल्या, "मला काय नाय होत. तुमी तुमचं काम करा." उभं राहिलं की काठ सगळ्यांसमोर येणार होता. पायाखाली पाणी आणखी वाढल्यासारखं वाटत होतं. मघाशी तो पंप मारत होता तेव्हा तर बोटांवर चक्क धार लागल्यासारखं झालं, आणि केसरबाईंनी डोळे मिटून मांड्या घट्ट आवळून धरल्या. त्यानं काही फरक पडला नाही. एवढाही ताबा उरला नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

बद्रीनाथनं ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल चांगलं होतं. तरी तो उठून हात पुसत म्हणाला, "भाईर जात नाय म्हंजी इंजिनच पितंय. हेड गास्केट, म्हंजी इंजिनमधलं पॅकिंग, गेलं असंल. गाडी ठिवून जावी लागंल."

"किती वेळ?"

"वेळ काय इचारता, परवा या."

सम्यकनं मोबाइलमध्ये वेळ बघितली. वंदना सुरू व्हायची वेळ होत आली होती. रस्त्यावरून सिल्लोडकडे जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीप माणसं कोंबून चालल्या होत्या. तो दाराशी आला. "आई, उतर. काळीपिवळी थांबवतो. सिल्लोडहून दुसरी मिळेल."

काळीपिवळी म्हणजे परक्या माणसांत मांडीला मांडी लावून बसणं. पांढऱ्या साडीत, असल्या डागानिशी. केसरबाई म्हणाल्या, "तुमी दोघं जा. मी हितंच बसते."

"म्हणजे?"

"म्हंजी बसते. येताना घिऊन जा मला."

सम्यक तसा शांत मुलगा. पण सकाळपासूनचा घाम, वाफ आणि वैताग त्याच्या तोंडाशी आला. "आवडामावशी बोलवत होती तेव्हाही असंच केलंस. ती मेली तरी तुझे गुडघे बरे झाले नाहीत. तुला जायचंच नाही, तर एकदाचं तसं सांग ना."

बद्रीनाथ पान्हा शोधायच्या निमित्तानं शेडमध्ये गेला. केसरबाईंनी मुलाकडे बघितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एक वाक्य बोललं असतं तर तो गप्प झाला असता आणि त्या वाक्यासाठी त्यांची जीभ उचलत नव्हती.

संध्या पुढं झाली. "तुम्ही रस्त्यावर जाऊन जीप बघा," ती नवऱ्याला म्हणाली. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो मुकाट गेला. मग तिनं दार पूर्ण उघडलं, स्वतः आडवी उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उतरा, आई. कुणी बघत नाही. मी आहे."

शेडच्या मागं पाण्याचा ड्रम होता. तिथवर दोघी गेल्या, पुढं केसरबाई आणि त्यांच्या पाठीशी चिकटून संध्या. आडोशाला गेल्यावर संध्यानं खांद्यावरची पिशवी उघडली. आत दुसरी पांढरी साडी होती, परकर होता, आणि खाली मोठ्या माणसांच्या डायपरचं एक पाकीट. केसरबाईंनी ते ओळखलं. वॉर्डात म्हाताऱ्यांना बांधत असत तेच.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"वैजापूरच्या लग्नापासून," संध्या म्हणाली. "दुसऱ्या दिवशी गाडी झाडायला गेले तर मॅट ओलं लागलं."

"मंग बोलली नाय?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघीही इतके दिवस आपापली मूठ झाकून एका घरात वावरत होत्या. केसरबाईंना सुनेचा राग यावा की तिच्या गळ्यात पडावं ते कळेना. तिनं सांभाळून घेतलं होतं, हे तर खरंच. पण सासूचं खरंच तसं झालंय, अशी तिची खात्रीही झाली होती, आणि तेच केसरबाईंना जास्त लागलं.

"आन ती वडी हिकडं," त्या म्हणाल्या. ड्रमच्या कडेवर हात धुवायच्या साबणाची काळपट वडी होती. संध्या वाकायला लागली तसं त्यांनी तिचा हात बाजूला केला. "मी धुते. माझं मला धुऊ दे." त्यांनी काठ ओंजळीत धरला, मगभर पाणी ओतलं आणि साबण घासला.

डाग लाल झाला.

केसरबाईंचा हात थांबला. पिवळ्याचा भडक लाल, बघता बघता, जिथं जिथं साबण लागला तिथं तिथं. वॉर्डातल्या इतक्या वर्षांत लघवीत लाल दिसलेली माणसं त्यांनी बघितली होती आणि त्यातली किती घरी परत गेली तेही त्यांना ठाऊक होतं. "रगत हाय गं," त्या म्हणाल्या. "संध्या, रगत जातंय मला."

संध्यानं काठ हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग बाजूच्या कोरड्या पिवळ्या भागावर वडी टेकवून नुसती ओढली. तिथंही लाल रेघ उमटली. तिनं ती रेघ नाकाशी धरून दोनदा हुंगली.

"आई," ती म्हणाली, "ही हळद आहे."

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. केसरबाईंनाही ते लहानपणापासून माहीत होतं. पण मनात एकदा भूत शिरलं की माणसाला दोरीचाही साप दिसतो. हळद माझ्या अंगातून कशी येईल, एवढाच प्रश्न त्यांना सुचला, आणि त्याचं उत्तर त्यांच्या आधी संध्याला मिळालं. ती पिशवी तिथंच टाकून गाडीकडे धावली.

तिनं पुढच्या सीटखालचं रबरी मॅट ओढून काढलं. खालचा गालिचा पिवळा भिजून थबथबला होता. डॅशबोर्डच्या खालच्या अंगानं एक थेंब लोंबला, सुटला आणि बरोबर तिथं पडला जिथं केसरबाईंची उजवी चप्पल असायची. मग दुसरा.

"अहो, इकडे या," तिनं बद्रीनाथला हाक मारली. "तुमचं पाणी इथं आहे."

बद्रीनाथ आला. त्यानं बोट भिजवलं, चोळलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "हीटर," तो म्हणाला. "काखेत कळसा आन गावाला वळसा. डॅशबोर्डच्या मागं एक बारका रेडिएटर असतो, हीटरचा. गरम पाणी सारखं फिरतंय त्यात. तो सडला. आपल्याकडं हीटर लावतो कोण? म्हून कुणाच्या ध्यानातच येत नाय, माझ्या बी आलं नाय. त्यात आजी बसल्यावर मॅट कोण उचलणार?" आणि मग गालिच्याकडे बघत म्हणाला, "रेडिएटरच्या पाण्यात कूलंट घालत्यात ना, ते गोड असतंय. मुंग्या सुदिक लागत्यात."

केसरबाई शेडच्या कोपऱ्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मुंग्या, गोड वास, ओले पाय, एकेक गोष्ट आपल्या अंगावरून उतरून गाडीच्या अंगावर जाऊन बसताना त्यांना दिसत होती. एवढं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आपण धड आहोत, हे त्यांनी मनातल्या मनात तीनदा म्हणून बघितलं.

सम्यक धावत आला तेव्हा बद्रीनाथनं हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडायला घेतले होते. हीटरला वगळलं की झालं, रेडिएटर नंतर सावकाश धुऊन घ्या, असं त्यानं सांगितलं. "म्हणजे फर्दापूर गाठता येईल?" सम्यकनं विचारलं आणि हो म्हणताच हसला. "इतके दिवस पाणी आईच्या पायावर पडत होतं आणि आई बोलली नाही?" हसत हसतच त्यानं आईकडे बघितलं, मग संध्याकडे, मग शेडमागून तिनं आणलेल्या पिशवीतून अर्धवट बाहेर आलेल्या त्या पाकिटाकडे. ते काय आहे हे वाचायला त्याला एक क्षण लागला. त्याचं हसू तोंडावरच थिजलं.

केसरबाईंनी साडी बदलली. गाडी निघाली. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, काटा आपल्या जागी होता. सम्यक एकदा म्हणाला, "आई, मी मघाशी जे बोललो..." त्या म्हणाल्या, "गाडी हाक." त्यांचा राग नव्हता. पण मघाचं हलकेपण सिल्लोडपर्यंतही टिकलं नव्हतं. आपल्याला काहीच झालेलं नव्हतं तर आवडाला भेटायलाही काहीच आडवं नव्हतं, हा विचार आता त्यांच्या छातीवर बसला होता. आजार असता तर निदान दोष द्यायला आजार तरी होता. इथं एका सडक्या हीटरच्या पाण्यानं दोन बहिणींची ताटातूट केली होती, आणि त्यापायी आवडा वाट बघत मेली होती. त्या खिडकीकडे तोंड करून रडत राहिल्या आणि मागून संध्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

फर्दापूरला पोचले तेव्हा वंदना संपली होती. दारापुढं मांडव होता, आवडाबाईंच्या फोटोपुढं मेणबत्त्या जळत होत्या, बायका सतरंजीवर बसल्या होत्या. केसरबाईंना बघून कुजबुज झाली. दोघीतिघींनी सरकून वाट दिली. फोटोशेजारी बसलेली गीताबाई उठली नाही. तिनं वरही बघितलं नाही.

केसरबाईंनी फूल वाहिलं, हात जोडले आणि तिच्यापाशी बसल्या. गुडघ्यांचं कारण त्यांनी घरून तयार करून आणलं होतं. ते त्यांच्या तोंडून निघेना.

"गीता," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मला लघवी आवरंना. गाडीत बसलं की भिजायची मी. लाज वाटली. सुनंपुढं वाटली, लेकापुढं वाटली. म्हून मी आवडाला भेटाया आले नाय. आज कळलं, ते गाडीचं पाणी व्हतं."

जवळच्या बायका ऐकत होत्या. ऐकू देत, असं त्यांना वाटलं. गीताबाई सतरंजीचा दोरा ओढत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज राग गेलेल्या माणसाचा होता, आणि तो रागापेक्षा सोसायला कठीण होता.

"मायचं खरंच तसं झालं व्हतं, मावशी. शेवटी शेवटी समदं अंथरुणातच. वहिनीला हात लावू द्यायची नाय, मला बी नाय. वली तशीच पडून ऱ्हायाची. पाठ सोलून निघाली व्हती. म्हनायची, केसरला येऊ द्या. तिनं लई लोकांचं केलंय, तिच्यापुढं मला लाज नाय."

केसरबाईंनी पदर तोंडात घेतला. मांडवात पंगत बसायला लागली होती, कुणीतरी वाढायला गीताबाईला हाका मारत होतं. तिनं मावशीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तिथंच बसून राहिली.